इंगालिलने बसवलेले दिवे

माझी थोरली बहीण इंगालिल हिने आयुष्यभर लोकांचे दात केले. दात म्हणजे कवळ्या. बोर्लेंगे शहरातल्या दातांच्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. सील्यान तळ्याच्या काठावरच्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिचं काम आहे, आणि समोरच्याला कळत नाही कुठला दात देवाचा आणि कुठला इंगालिलचा, असं तिचा नवरा तूरे मोठ्या तोऱ्यात सांगायचा. तूरे स्वतः बसडेपोत इलेक्ट्रिशियन होता. मी एव्हर्ट, शाळेची बस चालवतो आणि रस्त्याच्या पलीकडे त्यांच्या समोरच्याच घरात राहतो. त्यामुळे पुढे सांगतोय ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि काही वेळा मध्ये पडून शिव्याही खाल्लेल्या आहेत.

निवृत्त झाल्यावर तूरेने अमेरिकेतून एक गाडी मागवली. आमच्या भागात हे वेड जुनं आहे. जुलैतल्या संध्याकाळी रेत्विकच्या रस्त्यावर उभं राहिलं तर आपण कुठल्या देशात आहोत असा प्रश्न पडावा, इतक्या अमेरिकन गाड्या फिरत असतात. तूरेची गाडी म्हणजे एक लांबलचक स्टेशन वॅगन, अंगावर लाकडी फळ्यांची नक्षी, आत सोफ्यासारख्या गाद्या. योतेबोर्गच्या बंदरातून ती आणायला आम्ही दोघं गेलो होतो. येताना ट्रेलरवर चढवलेल्या त्या गाडीकडे तूरे आरशातून इतक्या वेळा बघत होता, की शेवटी मी म्हणालो, "अरे, रस्त्याकडे बघ. ती काही पळून जात नाही."

गाडी चांगली होती. अडचण होती ती मागच्या दिव्यांची. तिकडे अमेरिकेत जो लाल दिवा ब्रेकला लागतो, तोच उघडझाप करून वळणसुद्धा दाखवतो. आमच्याकडे ते चालत नाही. वळणाचा दिवा वेगळा हवा आणि केशरी हवा. तो नसला तर पासिंग नाही, पासिंग नसलं तर नंबर नाही, आणि नंबर नसलेली गाडी म्हणजे कोठारातलं एक मोठं कपाट.

बहुतेक लोक यावर सोपा इलाज करतात. ट्रेलरचे दोन केशरी दिवे विकत आणायचे आणि बंपरखाली लटकवून द्यायचे. आमच्या मोटार क्लबाचा अध्यक्ष रुने, त्याच्या गाडीला असेच दिवे आहेत. तूरेला ते बघवत नसे.

"लग्नाच्या सुटावर रबरी बूट घालावेत तसं दिसतं ते," तो म्हणायचा. "माझ्या गाडीला मूळच्याच घरात केशरी दिवा बसणार. कारखान्यातूनच तशी आल्यासारखी दिसली पाहिजे."

रुने हसायचा. "मग नातवंडांच्या लग्नातच बघू आम्ही तुझी गाडी."

तूरेने काम सुरू केलं आणि त्याच शरद ऋतूत त्याचे हात थरथरायला लागले. आधी आम्हाला वाटलं थंडी असेल. मग कॉफीचा कप बशीवर वाजायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितलं. तूरेने गाडी चालवणं स्वतःहून सोडलं, कुणाला म्हणावं लागलं नाही. पण त्याला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. एक दिवस कोठारात सोल्डरिंग करताना त्याच्या हातातली तापलेली सळी निसटली आणि गाडीच्या मागच्या गादीला भोक पडलं. त्याने सळीची वायर उपटली, गाडीवर ताडपत्री ओढली आणि कोठाराला कडी घातली. हिवाळाभर ती कडी कुणी काढली नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि तूरेने गाडी विकायला काढली.

नॉर्वेहून एक गिऱ्हाईक आलं. तरुण होता, सभ्य होता, बोलायलाही चांगला. त्याने गाडीभोवती फेरी मारली, वाकून खालचा सांगाडा बघितला, इंजिनाचा आवाज ऐकला. तूरे खिशात हात घालून उभा होता. आजकाल तो परक्यांसमोर हात खिशातच ठेवायचा.

"उत्तम आहे," तो तरुण म्हणाला. "दिव्यांचं काय, दुपारभराचं काम. दोन दिवे लटकवले की झालं."

तूरेने नुसती मान हलवली आणि खाली बघायला लागला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो. लटकत्या दिव्यांचं नाव काढलं आणि तूरे गप्प बसला, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

इंगालिल स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ती ॲप्रनवरच बाहेर आली.

"गाडी विकायची नाही," ती म्हणाली.

तो तरुण गोंधळला. "पण जाहिरात तर..."

"जाहिरात चुकली. तुम्ही लांबून आलात, आत चला, कॉफी घ्या. दालचिनीचे पाव ताजे आहेत. पण गाडी विकायची नाही."

त्याने बिचाऱ्याने पाव खाल्ले आणि गेला. तो फाटकाबाहेर पडल्याबरोबर तूरे कडाडला.

"तू काय मांडलंयस हे? कोण करणार काम? मी? हे बघ!" त्याने हात खिशातून काढून तिच्या नाकासमोर धरले.

"मी करणार," इंगालिल म्हणाली.

"तू? त्या दिव्यांना काय दात बसवणार आहेस?"

"काच कशाची आहे दिव्याची?"

"काच कसली, प्लास्टिक आहे."

"कुठलं प्लास्टिक?"

तिने त्याचं उत्तर ऐकायची वाट बघितली नाही. कोठारात गेली, फळीवरची एक जादा लाल काच उचलली, नखाने खरवडली, नाकाशी धरली आणि चक्क दाताखाली धरून बघितली. "ॲक्रिलिक," ती म्हणाली. "माझ्या कवळ्यांतला मालच आहे हा. रंग तेवढा भडक." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "तारांतलं मला ओ की ठो कळत नाही. ते तू सांगायचं. तोंड थरथरत नाही ना तुझं?"

"नाही," तूरे म्हणाला. आणि हिवाळ्यानंतर पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.

त्या गाडीचा मागचा दिवा उभा आहे, तीन खणांचा. वरचे दोन खण लाल, खालचा पांढरा, गाडी मागे घेताना लागणारा. तूरेच्या डोक्यात बेत हिवाळ्याआधीच तयार होता. वरचा खण ब्रेकला ठेवायचा. मधला केशरी करायचा, वळणासाठी. आणि डावीकडचा खालचा पांढरा खण लाल करायचा, धुक्यातल्या दिव्यासाठी. मागे घ्यायला उजवीकडचा एक पांढरा पुरतो. ऑक्टोबरात तळ्यावरून धुकं चढलं की आमच्या रस्त्यावर पुढच्या गाडीची पाठ दिसत नाही. तेव्हा तो दिवा काय कामाचा असतो, ते बस चालवणाऱ्याला विचारा.

"मधला लाल तुकडा कापून काढशील ना, तो फेकायचा नाही," तूरे म्हणाला. "तोच खाली डावीकडे बसेल."

"म्हणजे एका माणसाचा दात काढून दुसऱ्याला लावायचा," इंगालिल म्हणाली. "हे आम्हाला करू देत नव्हते."

केशरी तुकडा तिने इथल्याच जुन्या ट्रेलरच्या दिव्यातून घेतला, कारण त्याचा रंग मंजूर असलेला होता. पण कामाची खरी मेख वेगळीच होती. या काचांना आतून बारीक रेघा असतात, त्या प्रकाश पसरवतात. कापलेल्या तुकड्याच्या रेघा बाजूच्या रेघांशी जुळल्या नाहीत, तर कितीही सफाईने चिकटवा, लांबून ठिगळ दिसणारच. पहिली काच कापतानाच तडकली. करवतीच्या पात्याने प्लास्टिक तापलं आणि कोपऱ्यापर्यंत चीर गेली.

मी तिथेच उभा होतो. "गेली," मी म्हणालो.

"एव्हर्ट, तुला घरी काही काम नाही का?" इंगालिल म्हणाली.

मग तिने आपली रीत काढली. कवळीसारखाच काचेचा प्लास्टरमध्ये साचा घेतला, काच त्यात घट्ट बसवली, म्हणजे कापताना हलणार नाही आणि वाकणार नाही. करवत बाजूला ठेवली आणि दातांचं बारीक कोरणं घेतलं. थोडं कोरायचं, पाणी सोडायचं, थांबायचं. पुन्हा थोडं कोरायचं. तूरे शेजारी स्टुलावर बसून तिला बॅटरी दाखवायचा. बॅटरीचा झोत थरथरायचा. एकदोनदा तो म्हणाला, "दिवा टेबलावर ठेवू का? त्रास होतोय तुला." ती मान वर न करता म्हणाली, "धर तसाच. हलत्या उजेडात ओरखडे बरे दिसतात." हे खरं होतं की तिने त्याच्यासाठी रचलं होतं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

केशरी तुकडा बसला. सांधा भरून, घासून, तिने त्याला कवळीसारखी झिलई दिली आणि काच खिडकीशी धरली. लाल संपून केशरी कुठे सुरू होतं ते दिसत होतं, पण दोन तुकडे आहेत असं वाटत नव्हतं. रेघा वरपासून खालपर्यंत सरळ गेल्या होत्या. तूरेने बोट फिरवून बघितलं. थरथरत्या बोटालासुद्धा सांधा लागला नाही.

"इंगालिल," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा एकदा बोट फिरवलं.

दुसरी काचही तशीच झाली, आणि काढलेला लाल तुकडा डावीकडे खाली बसला. तारांचं काम मात्र तिला जड गेलं. त्या गाडीत ब्रेकची तार आधी स्टिअरिंगपाशी इंडिकेटरच्या स्विचमध्ये जाते आणि तिथून मागे. ते दोन्ही वेगळं करायचं, तर डॅशबोर्डखाली डोकं घालून, पाय गादीवर टाकून, उताणं पडावं लागतं. पासष्टीच्या बाईने असं पडून तारा उकलायच्या आणि नवऱ्याने बाहेरून आज्ञा सोडायच्या, हे दृश्य मी खुर्ची टाकून बघितलं.

"हिरवी तार दिसतेय?"

"इथे सगळं तपकिरीच आहे."

"पुसून बघ."

"तूच पूस ना येऊन!"

"तूच म्हणालीस, बोलायचं काम माझं."

"मी म्हणाले होते बोल. ओरड नव्हते म्हणाले."

शेवटी तारा जोडून झाल्या. मी ब्रेकवर पाय ठेवला, इंगालिल मागे जाऊन उभी राहिली. "लाल लागला!" ती ओरडली. आणि लगेच, "केशरीपण लागले! दोन्ही!"

तूरेने डोळे मिटले. तो असा विचार करतो. बसडेपोतही म्हणे असाच करायचा, आणि नवीन पोरांना वाटायचं म्हातारा झोपला. थोड्या वेळाने म्हणाला, "स्विचमध्ये ब्रेकची जुनी तार अजून जिवंत आहे. नवी तार मागे नेलीस, पण जुनी तोडली नाहीस. ब्रेक दाबला की ती अजून इंडिकेटरकडे वीज ढकलतेय."

इंगालिल परत उताणी झाली. तार तोडली, टोक बंद केलं. मी ब्रेक दाबला. लाल. इंडिकेटर टाकला. केशरी, उघडझाप, टिक-टिक-टिक. ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही. लाल स्थिर, केशरी उघडझाप. इंगालिल कोठाराच्या दारात उभी राहून कमरेवर हात ठेवून बघत होती, आणि तिच्या केसांत कोळ्याचं जाळं अडकलं होतं.

गाडी ट्रेलरवर घालून आम्ही पासिंगला नेली. तपासणी करणारी बाई लोव्हिसा नावाची होती. शांतपणे काम करणारी, कुणाशी गोड नाही आणि कुणाशी तिरकी नाही. तिने ब्रेक बघितले, चाकं बघितली, मग दार ओढून खोलीत अंधार केला आणि दिवे लावायला सांगितले. मागे उभी राहिली, डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, वाकली.

"काच सुंदर आहे," ती म्हणाली. "पण इकडे या. दोघंही या."

आम्ही तिघंही गेलो. तिने बोट दाखवलं. बाजूने बघितलं की केशरी दिव्याच्या प्रत्येक उघडझापीबरोबर वरचा लाल खणही किंचित उजळत होता. ब्रेक दाबला की मधला केशरी खण मंद तेवायचा.

"मागून येणाऱ्याला पावसात कळणार नाही तुम्ही थांबताय की वळताय," लोव्हिसा म्हणाली. "हे मी पास करू शकत नाही. एवढं नीट करा आणि परत या."

परतीच्या वाटेवर मला वाटलं आता तूरे पुन्हा कोठाराला कडी घालणार. मी काहीतरी बरं बोलायला म्हणून म्हणालो, "तशी ती जरा जास्तच कडक आहे."

"कडक नाही, बरोबर आहे," तूरे म्हणाला. "मलाच आधी सुचायला हवं होतं. अमेरिकेत दोन्ही खण लालच, म्हणून त्यांनी मध्ये भिंतच घातली नाही. बसच्या दिव्यांत प्रत्येक खणाला भिंत असते."

"भिंत कशाची?" इंगालिलने विचारलं.

"पत्र्याची."

"पत्रा त्या वाकड्या जागेत कसा बसेल? माप घेऊन ओतूनच करावी लागेल." ती जराशी पुढे सरकली. "दोन्ही बाजूंनी काळी करू?"

"नको. मधे काळी आणि दोन्ही तोंडांना पांढरी. नाहीतर उजेड गिळून टाकेल ती."

"मधे काळा थर, वर पांढरे. करते."

ते दोघं मागच्या सीटवर बसून बोलत राहिले. मी गाडी चालवत राहिलो. ती बाई कडक आहे या माझ्या बोलण्याचं कुणालाच काही पडलं नव्हतं.

भिंत तिने खरोखर ओतून केली. दिव्याच्या घरात मऊ मेण दाबून माप घेतलं, जसं जबड्याचं घेतात. काळ्या ॲक्रिलिकचा पातळ पडदा, दोन्ही तोंडांवर दाताच्या पांढऱ्या रंगाचा थर. घरात सरकवला तेव्हा तो एका बारीक टक आवाजाने जागेवर बसला. तूरे म्हणाला, "हा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला. स्वतःची अक्कलदाढ काढली तेव्हा." इंगालिलला इतकं हसू आलं की तिला कोठाराबाहेर जावं लागलं.

दुसऱ्या वेळी लोव्हिसाने पुन्हा दार ओढलं, पुन्हा डावीकडून, उजवीकडून, वाकून बघितलं. या वेळी बराच वेळ बघितलं. लाल खण पूर्ण अंधारात आणि त्याच्याखाली केशरी लखलखीत. धुक्याचा दिवा लावला, मागे घ्यायचा लावला. मग तिने खोलीतले दिवे लावले आणि काच अगदी जवळून बघायला गुडघ्यांवर बसली.

"ही युरोपात विकायची आवृत्ती होती का या गाडीची?" ती म्हणाली. "कुठून मागवलेत हे दिवे?"

तूरेने खिशातून हात काढले. हलत होते, पण त्याने लपवले नाहीत. एक हात इंगालिलच्या खांद्यावर ठेवला.

"मागवले नाहीत," तो म्हणाला. "ही माझी बायको. तिने केले. अगदी एक एक रेघ."

"तारा त्याच्या आहेत," इंगालिल म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. कवळ्या करणाऱ्याचं कौतुक समोर कधीच होत नाही, कारण काम चांगलं झालं तर ते कुणाला दिसतच नाही. हजारो दात, शेकडो जबडे करून दिले तिने; कुणी तिचा खांदा धरून अनोळखी माणसासमोर असं बोललं नव्हतं.

"पास," लोव्हिसा म्हणाली. आणि मग, कामाबाहेरची गोष्ट असल्यासारखं हळू आवाजात, "माझ्या वडिलांना दाखवीन म्हणते. मोबाईलवर एक फोटो काढू?"

जुलैत क्लबाची मोठी फेरी निघाली. तळ्याकाठचा रस्ता गाड्यांनी भरला होता, माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती, सॉसेज भाजल्याचा वास सगळीकडे. इंगालिलने स्टिअरिंग हातात घेतलं. ती गाडी तिने तोवर अंगणापलीकडे कधी नेली नव्हती. मला वाटलं तूरे तिच्या शेजारी बसेल. पण तो माझ्या जुन्या गाडीपाशी आला आणि दार उघडून आत बसला.

"अरे, तिथे जा की. राजासारखा बसून ये," मी म्हणालो.

"तिथून मला काय दिसणार?" तो म्हणाला. "मागचे दिवे मागूनच बघायचे असतात. तू तिच्यामागे राहा. कुणाला मध्ये घुसू देऊ नकोस."

आम्ही निघालो. पुढे ती लांबलचक गाडी, लाकडी नक्षीवर संध्याकाळचं ऊन. पहिल्या चौकात इंगालिलने ब्रेक दाबला. लाल लागले, दोन्हीकडे एकदम, भरदार. मग उजवीकडचा केशरी उघडझाप करायला लागला. तूरे पुढे वाकला. त्याचे हात डॅशबोर्डवर थरथरत होते आणि त्याला त्याचं भानच नव्हतं.

रस्त्याच्या कडेला रुने आपल्या गाडीला टेकून उभा होता. आम्ही हळू झालो तसा तो माझ्या खिडकीशी आला.

"तूरे, ही काच कुठे मिळाली? खरं सांग. मलापण हवीय."

"मिळत नाही," तूरे म्हणाला. "बसवून घ्यावी लागते. आणि बाईंना आता वेळ नाही."

"कुठल्या बाईंना?"

"त्या काय, गाडी चालवतायत." आणि त्याने मला हाताने पुढे जायची खूण केली.

गावाच्या टोकाला गोल चक्कर आहे. फेरी तिथून सरळ पुढे लेक्सांदच्या रस्त्याला जायची होती. इंगालिलने केशरी दिवा लावला आणि चक्करमध्ये शिरली. तिने सरळ जायला हवं होतं, पण ती बाहेर पडलीच नाही. वळत राहिली. तिच्यामागे मी. माझ्यामागे साऱ्या गाड्या.

"ही काय करतेय?" मी म्हणालो.

तूरेला कळलं होतं. तिच्या आरशात आमची गाडी दिसत होती, आणि ती त्याला दिवे दाखवत होती.

"अजून एकदा," तो पुटपुटला. "अजून एकदा फिर."

त्याचं बोलणं तिच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. पण ती पुन्हा फिरली. बाजूच्या खुर्च्यांवरची माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं हा फेरीतलाच काही खेळ आहे. मागून कुणीतरी भोंगा दिला, मग सगळ्यांनीच दिला. तूरे काच खाली करून खिडकीबाहेर अर्धा झुकला आणि माणसांकडे बघून पुढच्या गाडीकडे हात करत ओरडला, "माझ्या बायकोने केलेत! ते दिवे! तिने केलेत!"

लोकांना भोंग्यांत काही ऐकू गेलं नसावं. तो तरीही सांगतच राहिला, आणि मी चक्कर मारत राहिलो.